सिंहवाल्या गाडीचं दार

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे डोंबिवलीच्या मामाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलता बोलता जुन्या गाड्यांचा विषय निघाला आणि डोक्यात एक जुनं दार उघडलं. अक्षरशः दारच, गाडीचं! त्याचीच ही गोष्ट. घरच्यांना अर्धी गोष्ट माहीत आहे, गाडीवाल्या मित्रांना उरलेली अर्धी माहीत असेल. दोन्ही अर्ध्या एकत्र लिहून ठेवाव्यात म्हटलं.

आमचं कारधा वैनगंगेच्या काठावर. त्या तीराला भंडारा, या तीराला आम्ही, आणि मधून मुंबई-कोलकाता महामार्ग. तेव्हा त्याला सहा नंबरचा म्हणायचे, आता तो ५३ झालाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुलाजवळ बसून गाड्या मोजणं हा आम्हा पोट्ट्यांचा ठरलेला उद्योग. ट्रक, ट्रक, एसटी, ट्रक, अॅम्बॅसेडर, ट्रक. मारुती दिसली की एक गुण, काँटेसा दिसली की पाच.

१९९६ च्या मे महिन्यात आत्याच्या लग्नाला मामा डोंबिवलीहून मित्राची गाडी घेऊन आला. जवळजवळ नऊशे किलोमीटर. धुळीने माखलेली लांबट गाडी अंगणात उभी राहिली. पुढे मागच्या दोन पायांवर उभा असलेला सिंह. मागची डिकी काचेसकट वर उघडायची. आबाजी खाटेवरून उठून आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "कोनची गाडी हाय जी हे?"

मामा म्हणाला, "प्युजो. तीनशे नऊ."

आबाजींनी मान हलवली, पण घरात ती शेवटपर्यंत 'सिंहवाली गाडी'च राहिली. त्या संध्याकाळी मामाने आम्हाला पुलापलीकडे नेऊन आणलं. मी मागच्या दाराच्या खिडकीत कोपर ठेवून बसलो होतो. एखादी वस्तू लहानपणी इतक्या जवळून बघितली की तिची ठेवण डोळ्यात बसते. त्या दाराची, त्या खिडकीच्या चौकटीची तशी बसली.

पुढे कितीतरी वर्षांनी इंटरनेटवर जुन्या रॅलीच्या गाड्यांची चित्रं बघत होतो. एका लेखात प्युजो २०५ नावाच्या छोट्या गाडीचा फोटो होता. पाच दारांची, साधी, घरगुती. आणि मी थबकलो. दार ओळखीचं होतं! गाडी वेगळी, दार तेच. आधी वाटलं भास असेल. मग शोधत गेलो. भास नव्हता. ३०९ ला खरोखरच २०५ ची दारं लावलेली होती. आणि ही २०५ कोण? तर १९८५ आणि १९८६ साली जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकलेल्या गाडीची बहीण, आणि तिचीच 'जीटीआय' आवृत्ती आजही जगातल्या सर्वात लाडक्या छोट्या वेगवान गाड्यांमध्ये गणली जाते.

म्हणजे आमच्या अंगणात उभी राहिलेली ती धुळकट गाडी एका फार मोठ्या घराण्यातली होती. आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

*

गोष्ट सुरू होते ती कर्जापासून.

प्युजो ही फ्रान्सची जुनी कंपनी. कॉफीच्या गिरण्या, करवती, सायकली करत करत मोटारींपर्यंत आलेलं घराणं. मजबूत, जरा कंटाळवाण्या, मास्तर-डॉक्टर लोकांनी घ्यायच्या गाड्या अशी तिची ख्याती. १९७० च्या दशकात तिने आधी सिट्रोएन ही बुडायला आलेली कंपनी पदरात घेतली. मग १९७८ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरचा युरोपातला सगळा कारभार घेतला. क्रायस्लरला तो नकोच होता, त्यामुळे किंमत नाममात्र, पण बरोबर कर्जं, जुने कारखाने आणि हजारो कामगारांची जबाबदारी आली. या कारभाराला प्युजोने 'टॅलबॉट' असं एक जुनं नाव दिलं. दोन आजारी पाहुणे घरात आणि बाहेर तेलाच्या किमती भडकलेल्या. १९८० नंतरची काही वर्षं कंपनी तोट्यात खोल गेली.

अशा वेळी माणूस दोनच गोष्टी करतो. खर्च कापतो, नाहीतर एक मोठा डाव टाकतो. प्युजोने दोन्ही केलं. डावाचं नाव होतं २०५.

ही गाडी १९८३ च्या सुरुवातीला बाजारात आली. बाहेरचं रूप जेरार वेल्टर या कंपनीतल्याच माणसाचं. प्युजोच्या गाड्या त्या काळात इटलीच्या पिनिनफारिना कंपनीकडून सजून यायच्या, पण इथे घरच्या माणसाचं चित्र पसंत पडलं. लांबी पावणेचार मीटरहून कमी, आत जागा भरपूर. मागचं सस्पेन्शन आडव्या टॉर्शन बारचं, म्हणजे उभ्या स्प्रिंगांऐवजी आडव्या पोलादी दांड्या, ज्या पिळल्या जातात आणि परत सरळ होतात. त्यामुळे स्प्रिंगची जागा वाचली आणि डिकी सपाट मिळाली. फ्रान्सच्या खेड्यांतले रस्ते आपल्यासारखेच खाचखळग्यांचे, त्यामुळे गाडी मऊ चालायलाही हवी होती आणि वळणावर डगमगायलाही नको होती. दोन्ही एकत्र साधणं फार अवघड असतं. या गाडीत ते साधलं.

पण चांगली गाडी केली म्हणजे लोक घेतात असं नाही ना. प्युजोचं नाव घेतलं की तरुण मुलं जांभई देत. जीन बोआयो हे तेव्हा प्युजोच्या मोटारींचे मुख्य होते. त्यांनी ठरवलं, ही जांभई रॅलीच्या रस्त्यावर घालवायची. आणि या कामाला त्यांनी माणूस नेमला तो ज्याँ तोद.

फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना हे नाव माहीत असणार. पुढे फेरारीला शूमाकरबरोबर परत वर आणणारा आणि २००९ ते २०२१ आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा अध्यक्ष राहिलेला हाच तो. पण तेव्हा तो नुकताच गाडीच्या डाव्या-उजव्या सीटवरून उतरलेला होता. रॅलीत चालकाशेजारी एक सहचालक बसतो आणि पुढचं वळण कसं आहे ते वहीतून वाचून सांगतो. तोद तो सहचालक. १९८१ साली गी फ्रेकेलँच्या शेजारी बसून तो जागतिक स्पर्धेत उपविजेता ठरला होता. गाडी कुठली? टॅलबॉट सनबीम लोटस. म्हणजे प्युजोने कर्जासकट घेतलेल्या त्या आजारी पाहुण्याचीच छोटी हॅचबॅक! त्या वर्षी कंपन्यांचं अजिंक्यपद टॅलबॉटनेच जिंकलं होतं. आजारी पाहुण्याच्या गाठोड्यात असाही एखादा दागिना निघतो कधी कधी.

*

आता रॅलीची गाडी.

१९८२ पासून रॅलीत 'ग्रुप बी' नावाचे नवे नियम आले होते. कंपनीने एखाद्या गाडीच्या फक्त २०० प्रती केल्या की तिला स्पर्धेत उतरता येई. २०० म्हणजे काहीच नाही. त्यामुळे कंपन्यांनी रस्त्यावरच्या गाडीचा चेहरा लावून आत वाटेल ते राक्षस बसवले. ऑडीच्या क्वात्रोने चारही चाकांना ताकद देऊन सगळ्यांना चकित केलं होतं, पण तिचं जड इंजिन नाकावर होतं, वळणावर ती पुढे ओढली जायची. लान्शियाची गाडी तोल छान सांभाळायची, पण ताकद फक्त मागच्या चाकांना.

तोदच्या लोकांनी दोन्हींतलं चांगलं ते घेतलं. इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवं बसवलं आणि ताकद चारही चाकांना दिली. इंजिन फक्त १७७५ सीसीचं, १६ झडपांचं, टर्बो लावलेलं. हा आकडा उगाच नाही. टर्बो असेल तर नियमांप्रमाणे इंजिनाचा आकार १.४ ने गुणायचा. १७७५ ला गुणा, २४८५ येतात. २५०० च्या खालच्या गटात गाडी बसली की कमी वजनाची परवानगी मिळे. पंधरा सीसी हातात ठेवून त्यांनी वजन वाचवलं! आपल्याकडे सातबारा वाचणारा तलाठीसुद्धा इतका बारकाईने वाचत नसेल.

ही २०५ टर्बो १६. रस्त्यासाठीच्या २०० प्रतींत सुमारे २०० अश्वशक्ती, स्पर्धेच्या गाडीत आधी साडेतीनशेच्या आसपास, आणि पुढच्या सुधारित आवृत्तीत चारशेच्या बरीच वर. साध्या २०५ शी तिचं नातं किती? पुढची काच, दिवे, दारं, एकूण चेहरा. बाकी जवळजवळ काहीच नाही.

मे १९८४ मध्ये कोर्सिका बेटावर तिची पहिली रॅली. फिनलंडचा आरी वातानेन आघाडीवर होता, आणि मग गाडी रस्ता सोडून कोसळली, जळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने आपल्या मायदेशातली रॅली जिंकली, मग सान रेमो, मग इंग्लंडची. आणि १९८५ च्या जानेवारीतली माँटे कार्लो तर अजून सांगतात. वातानेनचा सहचालक टेरी हॅरीमन एका तपासणी नाक्यावर चार मिनिटं आधी नोंद करून बसला. रॅलीत उशीर झाला की दंड, लवकर गेलं तर दुप्पट दंड. आठ मिनिटं! जिथे सेकंदांवर निकाल लागतो तिथे आठ मिनिटं म्हणजे घरी जायची पाळी. पण वातानेनने बर्फात ती सगळी भरून काढली आणि ऑडीच्या वॉल्टर रॉर्लला पाच मिनिटांहून जास्त फरकाने मागे टाकलं.

त्या वर्षी बारा रॅलींपैकी सात प्युजोच्या. पण जुलैअखेर अर्जेंटिनात वातानेनची गाडी भयानक वेगात उलटली, सीट तुटली, तो मरता मरता वाचला. अंथरुणातून उठायला आणि मनाने सावरायला त्याला दीड वर्षाच्या आसपास लागलं. अजिंक्यपद त्याचा सोबती टिमो सालोनेनने जिंकलं. जाड चष्मा, शांत चेहरा, खेळाडू वाटणार नाही असा माणूस. पुढच्या वर्षी युहा कांकुनेन. दोन्ही वर्षी चालकाचंही आणि कंपनीचंही अजिंक्यपद प्युजोकडे.

*

हे सगळं चालू असताना दुकानात काय होतं? तर १९८४ साली आलेली २०५ जीटीआय.

'जीटीआय' हे अक्षरत्रय आधीच फोक्सवॅगनच्या गोल्फने १९७६ मध्ये गाजवलं होतं. छोटी घरगुती गाडी, तिच्यात पेट्रोल फवारणारं ताकदीचं इंजिन. प्युजोने आपल्या २०५ मध्ये १५८० सीसीचं, १०५ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. वजन साडेआठशे किलोच्या आसपास. अंदाज यावा म्हणून सांगतो, त्याच काळात कुर्ल्याला निघणारी प्रीमियर पद्मिनी साधारण तेवढ्याच वजनाची होती आणि तिची ताकद चाळीसच्या आसपास! १९८६ मध्ये १९०५ सीसीची, १३० अश्वशक्तीपर्यंतची मोठी भावंड आली. काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर एक बारीक लाल रेघ, आत लाल गालिचा. बास, एवढाच नट्टापट्टा.

तिची एक खोड प्रसिद्ध होती. वेगात वळण घेताना घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की वजन पुढे झुकायचं, मागची चाकं हलकी व्हायची आणि गाडीचं बूड रस्त्याबाहेर निघू पाहायचं. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून सायकल चालवलेल्यांना हे लगेच कळेल. मधेच घाबरून थांबलात की पडलात. चालवत राहिलात तर पार होता. ज्यांना हे जमलं त्यांनी या गाडीवर जन्मभर प्रेम केलं. ज्यांना नाही जमलं त्यांच्या गाड्या कुंपणात सापडल्या.

आता गंमत बघा. जीटीआयचं इंजिन पुढे, टर्बो १६ चं मागे. जीटीआयची ताकद पुढच्या दोन चाकांना, टर्बो १६ ची चारही. रविवारी टीव्हीवर जी गाडी जिंकताना दिसायची आणि सोमवारी दुकानात जी मिळायची, त्यांच्यात चेहरा सोडला तर फारसं साम्य नव्हतं. मग 'रॅलीच्या रक्ताची गाडी' ही निव्वळ जाहिरातच का?

मला आधी तसंच वाटलं होतं. पण जसजसं वाचत गेलो तसं मत बदललं. रॅलीने गिऱ्हाईकाला एक वचन दिलं, की ही गाडी वाईट रस्त्यावर, वेगात, वळणावर तुमच्या हाताचं ऐकेल. ते वचन जीटीआयमध्ये खरं निघालं नसतं तर लोकांनी दोन वर्षांत तोंड फिरवलं असतं. ते खरं निघालं, कारण गाडीचा साधा सांगाडा मुळातच नीट घडवलेला होता. रॅलीने लोकांना दुकानापर्यंत आणलं, टिकवलं ते त्या सांगाड्याने. आणि त्या सांगाड्याभोवती कामं करणारी माणसं, सुटे भाग पोचवणारी माणसं, दुरुस्ती करणारे मिस्त्री वर्षानुवर्षं जागेवर होते. १९९८ पर्यंत २०५ च्या सुमारे ५३ लाख गाड्या निघाल्या. कर्जात बुडालेली कंपनी वर आली.

ग्रुप बी मात्र टिकला नाही. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालला एक गाडी प्रेक्षकांच्या गर्दीत घुसली, माणसं मेली. २ मे १९८६ ला कोर्सिकात हेन्री तोइव्होनेन आणि सर्जो क्रेस्टो यांची लान्शिया दरीत कोसळून पेटली, दोघेही गेले. या तोइव्होनेनने सहा वर्षांपूर्वी, २४ व्या वर्षी, टॅलबॉट सनबीम लोटसमध्ये इंग्लंडची रॅली जिंकली होती. महासंघाने १९८७ पासून हा गटच बंद केला. प्युजो कोर्टातही गेली, पण उपयोग झाला नाही. मग तोदने गाड्या आफ्रिकेच्या वाळवंटात नेल्या. १९८७ ची पॅरिस-डाकार २०५ टर्बो १६ ने जिंकली, चालक आरी वातानेन. अर्जेंटिनातून स्ट्रेचरवर गेलेला तोच. १९८८ ला वातानेनची नवी ४०५ मालीच्या बामाको शहरात चक्क चोरीला गेली आणि शर्यत २०५ घेऊन आलेल्या कांकुनेनने जिंकली. नशीब बघा!

रॅलीत पुढची वर्षं लान्शियाच्या डेल्टाची. तीही हॅचबॅकच, १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं अजिंक्य. पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

*

आता परत दाराकडे.

कर्जासकट आलेल्या टॅलबॉटच्या लोकांनी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळ एक नवी मध्यम गाडी आखली होती. नाव ठरलं होतं 'टॅलबॉट अॅरिझोना'. खर्च वाचवायला तिचा सांगाडा २०५ चाच लांबवून घेतला, दारंही तीच घेतली. गाडी तयार होईपर्यंत टॅलबॉट या नावाची रयाच गेली. कंपनीने ऐनवेळी नाव पुसून सिंह चिकटवला. नंबर कुठला द्यायचा? ३०५ अजून चालू होती, ३०६ हा आकडा पुढच्या गाडीसाठी राखायचा होता. म्हणून ३०९. १९८५ मध्ये ३०९ आली आणि ३०६ आली १९९३ मध्ये. बारशाला नाव बदललेलं पोर होतं हे! पण हाडं २०५ ची. तिचीही जीटीआय निघाली, त्याच १९०५ सीसीच्या इंजिनाची. दोन चाकांमधलं अंतर थोडं जास्त असल्याने ती वळणावर २०५ पेक्षाही शहाणी वागते असं त्या वेळच्या कित्येक जाणकारांचं म्हणणं होतं. पण तिच्यावर कुणी पोस्टर काढलं नाही.

तिकडे ३०९ थांबली आणि इकडे ती आपल्याकडे आली.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सोलापूरचा हा माणूस, जहाजं, विमानं, मोटारी सगळं या देशात व्हावं म्हणून झटणारा. प्रीमियरचा पहिला परदेशी सोबती क्रायस्लर. कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या. मग फियाट आली, ११०० आली, तिची पुढे पद्मिनी झाली. १९९१ नंतर दारं उघडली, १९९३ मध्ये मोटारींवरचा परवाना गेला आणि प्रीमियरने प्युजोशी हात मिळवला. पॅल-प्युजो. कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यातून १९९४ पासून ३०९ निघू लागली. १३६० सीसीचं पेट्रोल इंजिन किंवा १५२७ सीसीचं डिझेल. डिझेलची ताकद साठच्या आत. जीटीआयचा लाल गालिचा नव्हता, लाल रेघ नव्हती. पण सस्पेन्शन, सांगाडा आणि दारं तीच. त्या काळी ज्यांनी ती चालवली ते तिच्या मऊ आणि ठाम चालीबद्दल अजून बोलतात. नऊशे किलोमीटर चालवून मामा उतरला तो हसत उतरला होता. आता कळतं का ते.

पण तीनच वर्षं. कारखान्यात कामगारांचा संघर्ष पेटला, काम बंद पडलं. प्रीमियरने याच काळात फियाटबरोबर उनोचाही संसार मांडला होता. बाजारात सिएलो, अॅस्ट्रा, एस्कॉर्ट अशा नव्या गाड्यांची रांग लागली होती. १९९७ मध्ये प्युजो गेली. आगाऊ पैसे भरलेल्यांच्या तक्रारी ग्राहक न्यायालयांपर्यंत गेल्या. २०११ मध्ये प्युजोने गुजरातेत साणंदला कारखान्याची घोषणा केली, पण तेही बारगळलं.

गंमत म्हणजे ते १५२७ सीसीचं डिझेल इंजिन मात्र आपल्याकडे राहिलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मारुतीने झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत प्युजोचं तेच इंजिन घातलं. गाडी गेली, पण काळीज दुसऱ्यांच्या छातीत धडधडत राहिलं.

*

मला या सगळ्यातून जे कळलं ते एवढंच. २०५ आणि ३०९, एकच सांगाडा, एकच दार. एकीने कंपनी तारली, तिची चित्रं लोक अजून भिंतीवर लावतात. दुसरी कल्याणला आली आणि तीन वर्षांत संपली. गाडीत खोट होती म्हणून नाही. गाडीचं मोठेपण गाडीत जितकं असतं तितकंच तिच्या मागे कोण, किती वर्षं उभं राहतं यात असतं. फ्रान्समध्ये पंधरा वर्षं माणसं उभी राहिली. इथे मालक, कामगार, परदेशी सोबती आणि गिऱ्हाईक, कुणाचाच कुणावर भरवसा उरला नाही. भरवसा नसला की घराण्याचा काय उपयोग? हे फक्त गाड्यांबद्दल नाही, आपल्या घरातही आपण 'कोणत्या घराण्यातले' हे फार बोलतो. घराणं दारापर्यंत आणतं. पुढचं रोजचं रोज करावं लागतं.

शेवटची एक गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये फियाट-क्रायस्लर आणि प्युजो-सिट्रोएन एकत्र होऊन स्टेलँटिस ही कंपनी झाली. क्रायस्लर, फियाट, प्युजो. प्रीमियरचे तिन्ही जुने परदेशी सोबती आज एकाच छपराखाली आहेत! आणि प्रीमियर त्या घरात नाही. कुर्ल्याची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. डोंबिवलीला कल्याण-शीळ रस्त्यावर मामा सांगतो, त्या बाजूला आता उंच उंच इमारती झाल्यात, पण रिक्षावाल्याला 'प्रीमियर कॉलनी' म्हटलं की तो बरोबर नेतो.

मामाला मी फोनवर हे सगळं सांगितलं. २०५, तोद, माँटे कार्लो, दाराची गोष्ट. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "अरे, ते सगळं असेल. पण पुलावर तू कोपर बाहेर काढून बसला होतास आणि मी तुला तीनदा ओरडलो होतो, ते आठवतं का?"

आठवतं ना. तेच तर आठवतं!

असो. आबाजी आता नाहीत. असते तर त्यांना सांगितलं असतं, ते सिंहवाली गाडी हाय ना जी, ते लई मोठ्या घरची होती.